रस्त्यावरचा कुत्रा उचलण्याआधी आणि उचलल्यावर: देणगीच्या पैशावर रेस्क्यू कसा करावा

जखमी कुत्रा दिसला की बहुतेक जण आधी त्याला गाडीत घालतात, मग दवाखाना शोधतात, मग मोबाइलवरून क्यूआर कोड फिरवतात आणि सगळ्यात शेवटी विचार करतात की उपचार झाल्यावर याला ठेवायचं कुठे. हा क्रम उलटा आहे. कुत्रा दवाखान्यात दगावला नाही तरी पुढे फसतो तो इथेच: पायात सळई घातलेला कुत्रा, डॉक्टर म्हणतात घेऊन जा, आणि न्यायला जागा नाही. देणगी देणारेही पहिल्या दिवसाच्या फोटोला भरभरून देतात, पंचविसाव्या दिवशीच्या ड्रेसिंगला कुणी विचारत नाही. म्हणून खालचा क्रम शक्य तितका पाळा.

१. उचलायचा की नाही, हे आधी ठरवा

रस्त्यावरचा प्रत्येक बारीक किंवा लंगडणारा कुत्रा संकटात नसतो. जुनं, चुकीचं जुळलेलं हाड घेऊन वर्षानुवर्षं मजेत फिरणारे कुत्रे असतात. दहा-पंधरा मिनिटं लांबून बघा. चालतो का, खातो का, दुसऱ्या कुत्र्यांशी नीट वागतो का, जखम ओली आहे की वाळलेली? आसपासच्या रखवालदाराला, दुकानदाराला, रोज खायला घालणाऱ्याला विचारा. त्यांना कुत्र्याची जी माहिती असते ती कुठल्याही तपासणीत मिळत नाही: कधीपासून असं आहे, आधी कुणी औषध दिलंय का, तो कुणाला चावलाय का.

कानाला सरळ कापलेली खाच दिसली तर त्या कुत्र्याची बहुधा नसबंदी झालेली आहे आणि त्याच्यावर कुणाचं तरी लक्ष आहे. आधी तो माणूस शोधा.

खरूज, किरकोळ जखम, जंत यांवर बऱ्याचदा जागेवरच उपचार होतात. गोळी खाण्यातून देता येते, आणि ओळखीची जागा सुटल्याचा ताण टळतो. उचलायचा तो ज्याला उठता येत नाही, ज्याचं रक्त थांबत नाही, ज्याच्या जखमेत अळ्या पडल्यात, ज्याला श्वास घ्यायला त्रास होतोय किंवा जो खाणं-पिणं सोडून कोपऱ्यात पडून आहे.

तपासा: कुत्री असेल तर उचलण्याआधी तिची आचळं बघा. ती भरलेली, लोंबती असतील तर जवळपास पिल्लं आहेत. आईला दवाखान्यात नेलं आणि पिल्लं भिंतीमागे राहिली, तर एक जीव वाचवताना पाच-सहा जातात.

उलट बाजूचीही चूक होते. एकटी दिसलेली पिल्लं लोक पोरकी समजून खोक्यात भरून नेतात, आणि आई खायला शोधायला गेलेली असते. पिल्लं उबदार आणि शांत असतील तर दोन-तीन तास लांबून वाट बघा. गार पडलेली, सतत केकाटणारी, मुंग्या लागलेली असतील तर थांबू नका.

धोका: खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, मागचे पाय लटपटताहेत, काही कारण नसताना चावायला धावतोय, यातलं काहीही दिसलं तर रेबीजचा संशय धरा. रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा आक्रमक होत नाही. लुळेपणाच्या प्रकारात तो गप्प पडून असतो आणि घशात हाड अडकल्यासारखा दिसतो. मग कुणीतरी हाड काढायला तोंडात हात घालतं. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका, त्याला स्वतः पकडायलाही जाऊ नका. लोकांना आणि लहान मुलांना लांब ठेवा, प्रशिक्षित पथकाला बोलवा.

२. उचलण्याआधीच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट जागा. उपचारानंतर तो कुठे राहणार, किती दिवस, आणि तिथे त्याला रोज कोण बघणार? मोडलेलं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि त्या काळात त्याला मोकळं सोडता येत नाही. ‘बघू नंतर’ हे उत्तर चालत नाही. निवारा, फोस्टर घर (तात्पुरतं सांभाळणारं घर), दवाखान्याची बोर्डिंग (पैसे भरून कुत्रा ठेवायची सोय) यांपैकी एक तरी फोनवर पक्कं करा, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला आजार काय आहे ते खरं सांगा.

दुसरी गोष्ट दवाखाना. आत्ता उघडा आहे का, डॉक्टर आहेत का, एक्स-रे होतो का, रस्त्यावरचा कुत्रा दाखल करून घेतात का, हे निघण्याआधी विचारा. तिसरी गाडी. चौथी गोष्ट पहिल्या दिवसाचे पैसे. ते देणगीतून येतील असं धरू नका. आवाहनाला प्रतिसाद यायला वेळ लागतो आणि काउंटरवर अनामत लगेच भरावी लागते. ती रक्कम तुमच्याकडे किंवा गटाच्या राखीव निधीत असली पाहिजे.

पिशवीत जाड चादर, मऊ कापडाची दीड मीटर लांब पट्टी, फासाची दोरी, जाड हातमोजे, गॉज, सलाइनची बाटली, टॉर्च आणि साबण एवढं पुरतं. खरं संरक्षण मात्र पिशवीत नसतं. जे वरचेवर कुत्रे हाताळतात त्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या शिफारशीनुसार तिचे दोन डोस सात दिवसांच्या अंतराने घेतात. आधी लस घेतलेली असली तरी चावल्यावर पुन्हा डोस घ्यावेच लागतात, हे बरेच जण विसरतात.

३. पकडणं

घाई आणि गर्दी, दोन्ही टाळा. पाच जणांनी घेरलेला कुत्रा रस्त्यावर पळतो आणि दुसऱ्या गाडीखाली येतो. पकडणारा एक, मदतनीस एक, बाकीच्यांनी रहदारी अडवावी. रस्त्याच्या बाजूने तुम्ही उभे राहा, म्हणजे तो पळालाच तर आतल्या बाजूला पळेल. समोरून, डोळ्यात डोळे घालून, वरून हात नेत जाऊ नका. तिरके जा, खाली बसा, त्याला वास घेऊ द्या.

खाण्याचं आमिष दाखवायला हरकत नाही, पण चमचाभरच. पोटभर खाल्लेल्या कुत्र्याला भूल देणं धोक्याचं असतं. ‘बिचारा उपाशी होता म्हणून आधी खाऊ घातलं’ यामुळे ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं.

वेदना होत असतील तर अतिशय गरीब कुत्राही चावतो. तो चावरा नसतो, त्याला दुखत असतं. म्हणून उचलण्याआधी मुसकं बांधा. पट्टीच्या मधोमध एक सैल फास करा, लांबूनच तो नाकाडावर सरकवा आणि ओढा. दोन्ही टोकं हनुवटीखाली आणून एकदा फिरवा, मग कानांमागे नेऊन सुटी गाठ मारा, एका झटक्यात सुटेल अशी. गाठ कानांमागे नेली नाही तर पुढच्या पंजाने तो मुसकं सहज काढतो. उलटी होत असेल, दम लागला असेल, शुद्ध नसेल किंवा नाक चपटं असेल तर मुसकं बांधू नका. डोक्यावर चादर टाकून, चादरीसकट मान धरा.

गाडीने उडवलेला कुत्रा मागचे पाय ओढत असेल तर कण्याला मार आहे असं समजा. त्याला पुढच्या पायांखाली हात घालून उचलू नका. शेजारी फळी किंवा जाड पुठ्ठा ठेवा, कातडी आणि चादर धरून एका दमात त्यावर सरकवा, आणि पट्ट्यांनी हलकं बांधा.

चावलाच तर: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ‘ओरखडाच आहे’ म्हणून सोडू नका. हळद, चुना, तेल काही लावू नका. कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवायची असते, पण तुमची लस त्या 10 दिवसांसाठी थांबत नाही.

४. गाडीतली वीस मिनिटं

हिरडी बघा. गुलाबी असेल तर ठीक. पांढरी असेल तर रक्तस्राव किंवा शॉक (शरीराला पुरेसं रक्त न पोचणं), निळसर असेल तर प्राणवायू कमी पडतोय. बोटाने दाबून सोडा: रंग दोन सेकंदांच्या आत परतला पाहिजे. हे फोनवर डॉक्टरला कळवा, तोवर ते तयारी करतात.

रक्त वाहत असेल तर गॉज दाबून धरा आणि पाच मिनिटं उचलून बघू नका. गॉज भिजला तर त्यावरच दुसरा ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. उष्माघात असेल तर अंगावर साधं पाणी आणि वारा. ताप 39.4 अंश सेल्सिअसवर उतरला की ओतणं थांबवा, नाहीतर शरीर गरजेपेक्षा गार पडतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 असतं, त्यामुळे आपल्या हाताला तो एरवीही गरमच लागतो.

माणसांची वेदनाशामकं अजिबात नाहीत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

अळ्या पडलेल्या जखमेत टर्पेंटाइन, पेट्रोल, फिनाइल ओतायचा सल्ला हमखास मिळतो. अळ्या भराभर बाहेर येतात म्हणून तो खरा वाटतो. पण त्याने जिवंत मांस भाजतं, ते रसायन रक्तात शोषलं जातं, आणि जखम चाटली की पोटातही जातं. केस कापून, सलाइनने धुऊन, चिमट्याने एकेक अळी काढणं हाच मार्ग. वरून छोटं दिसणारं भोक कातडीखाली मुठीएवढं असू शकतं, म्हणून हे काम डॉक्टरच्या हातून. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचंच: आतली अंडी तोवर फुटलेली असतात.

५. दवाखान्यातले प्रश्न

इथे लोक गप्प बसतात आणि डॉक्टर म्हणतील ते ऐकून येतात. विचारा: नक्की काय झालंय, वाचण्याची शक्यता किती, वाचला तर रस्त्यावर जगू शकेल का, किती दिवस दाखल, ड्रेसिंग कोण करणार, वेदनाशामक चालू केलं का? खर्चाचा अंदाज कागदावर घ्या, आणि एक आकडा नको, दोन हवेत: सगळं सुरळीत गेलं तर किती आणि गुंतागुंत झाली तर किती.

नोंद कुणाच्या नावावर हेही ठरवा. तीन जणांनी मिळून आणलेला कुत्रा बऱ्याचदा कुणाचाच नसतो. रात्री डॉक्टरचा फोन आला तर निर्णय कोण घेणार ते एक नाव लिहा.

पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होत असतील तर पार्व्होची, डोळ्यानाकातून स्राव आणि अंगाला झटके असतील तर डिस्टेंपरची चाचणी आधी करून घ्या; दोन्ही विषाणूंमुळे होणारे, कुत्र्याकडून कुत्र्याला लागणारे आजार आहेत. ती झाल्याशिवाय त्याला इतर कुत्र्यांत ठेवू देऊ नका. मादीच्या योनीमार्गातून थेंब थेंब रक्त येत असेल तर ती माजावर आहे असं म्हणून सोडून देतात. तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ आहे का ते बघायला सांगा. कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारा हा कर्करोग व्हिनक्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या आठवड्याला एक अशा इंजेक्शनांनी बहुतेकदा पूर्ण बरा होतो. देणगीदारांना ‘कॅन्सर’ एवढंच कळवलं तर ते हळहळून आशा सोडतात, म्हणून आवाहनात हेही लिहा.

६. देणगीचं आवाहन

आता आवाहन लिहायचं, आधी नाही. हातात निदान, अंदाजपत्रक आणि दवाखान्याचा कागद आल्याशिवाय मागितलेल्या पैशाला रक्कम नसते, शेवट नसतो, आणि मग संशय सुरू होतो.

सर्वांत मोठी चूक रकमेत होते. लोक ऑपरेशनचा खर्च मागतात आणि नंतरचा विसरतात. बोर्डिंग, ड्रेसिंग, दुसरा एक्स-रे, खाणं, लसीकरण, नसबंदी, वाहतूक हे सगळं मिळून कित्येकदा ऑपरेशनपेक्षा जास्त होतं. पहिल्याच आवाहनात ते धरा. दुसऱ्यांदा मागायला गेलात की पहिल्याच्या निम्मेही येत नाहीत.

मजकूर साधा ठेवा. साधारण असा:

‘तपकिरी नर, अंदाजे दोन वर्षांचा. गाडीची धडक, उजव्या मांडीचं हाड मोडलं आहे. आज दाखल केला, ऑपरेशन परवा. डॉक्टरांचा अंदाज आणि एक्स-रे सोबत जोडला आहे. लागणारी रक्कम इतकी. त्यात ऑपरेशन, आठ आठवड्यांचं बोर्डिंग, लस आणि नसबंदी धरली आहे. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात भरता येतील. रक्कम पूर्ण झाली की आवाहन बंद करू. काही उरलं किंवा कुत्रा वाचला नाही, तर शिल्लक पुढच्या जखमी कुत्र्यासाठी वापरू. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी कळवावं, रक्कम परत करू.’

शेवटचं वाक्य अनेकांना अशुभ वाटतं. लिहाच. कुत्रा गेल्यावर उरलेल्या पैशावरून होणारी भांडणं त्या एका ओळीने टळतात.

रक्ताने माखलेला फोटो पहिला टाकू नका. तो लोक सरकवून पुढे जातात. चेहरा दिसणारा फोटो आधी, जखमेचा नंतर आणि सूचना देऊन. जुना किंवा दुसऱ्याच कुत्र्याचा फोटो वापरणं म्हणजे फसवणूक, मग हेतू कितीही चांगला असो. कुत्रा ज्या जागेवरचा आहे तिचा नेमका पत्ताही देऊ नका. तिथे दुसरे लोक आपले नकोसे कुत्रे आणून सोडतात, आणि त्रास देणाऱ्यांनाही पत्ता मिळतो.

तपासा: पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात येणार असतील तर ते निदान वेगळं खातं असावं, आणि त्याचं विवरण आणखी एका माणसाला दिसत असावं. देणगीवरच्या कराच्या सवलतीची पावती फक्त तशी मान्यता असलेली संस्थाच देऊ शकते. बाकीच्यांनी तसं सूचितही करू नये.

वस्तूंच्या देणगीला नम्रपणे यादी द्या, नाहीतर जुने स्वेटर आणि मुदत संपलेली औषधं येतात. मोठ्या एकरकमी देणगीपेक्षा दरमहा थोडं देणारे दहा जण जास्त कामाचे. राखीव निधी त्यांच्यामुळेच उभा राहतो.

७. विलगीकरण आणि रोजची देखभाल

नवा आलेला कुत्रा पहिले 14 दिवस वेगळा. वेगळं भांडं, वेगळी चादर, त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी जायचं आणि नंतर कपडे बदलायचे. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरने मरत नाही. आधी साबणाने घाण धुवायची, मग ब्लीचचा एक भाग 30 भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. घाणीवरच ब्लीच ओतलं तर ते वाया जातं.

फार दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला पहिल्या दिवशी ताटभर देण्याचा मोह आवरा. एकदम अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने घसरतं, आणि जेवलेला कुत्रा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळतो. आधी पाणी, मग थोडं थोडं करून दिवसातून पाच-सहा वेळा, आणि पूर्ण आहारापर्यंत पोचायला काही दिवस घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही नको.

पिल्लांचे नियम वेगळे. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग दूध. थंड शरीरात पचन चालत नाही. गाईच्या दुधाऐवजी पिल्लांसाठीचं तयार दूध वापरा. पिल्लाला पालथं ठेवून पाजा, उताणं नाही. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला स्वतःहून लघवी करता येत नाही, दर वेळी पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने पुसून करवावी लागते.

खरजेच्या कुत्र्याला हात लावल्यावर तुम्हालाच खाज सुटली तर ती सार्कोप्टिक खरूज असू शकते, ती माणसाला लागते. आयव्हरमेक्टिन हे खरजेवरचं औषध अंदाजाने देऊ नका. कोली जातीच्या आणि त्यांच्या संकरातल्या काही कुत्र्यांना ते मेंदूवर विषासारखं बाधतं.

भिंतीवर एक कागद लावा: तारीख, काय खाल्लं, लघवी-शी, औषध, सही. संध्याकाळी दुसरा माणूस आला की आधी तो कागद वाचेल. औषध दोनदा जाणं आणि एकदाही न जाणं, दोन्ही ‘मला वाटलं तू दिलंस’ यातूनच होतं.

८. हिशेब आणि बातम्या

प्रत्येक कुत्र्याचं वेगळं पान. जमा, खर्च, बिल क्रमांक, शिल्लक. बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते. देणगीदारांची नावं आणि फोन नंबर जाहीर यादीत टाकू नका. ज्यांना नाव चालणार असेल त्यांना आधी विचारा.

बातमी आठवड्यातून एकदा पुरे, पण ती चुकवू नका. दोन ओळी, एक फोटो, आजवरचा खर्च. वाईट बातमीही त्याच दिवशी. कुत्रा गेला हे लपवून ‘उपचार चालू आहेत’ म्हणत राहिलेले गट नंतर कितीही प्रामाणिक वागले तरी लोक परतत नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मतदान घेऊ नका. कुत्र्याला वेदनामुक्त मरण द्यायचं की नाही, हे त्याला तपासणारे डॉक्टर आणि त्याला रोज बघणारा माणूस ठरवतात. लांबून पैसे पाठवणाऱ्याचा कळवळा खरा असतो, पण रात्रभर कण्हणं त्याने ऐकलेलं नसतं. निर्णय झाल्यावर कारणासह कळवा.

९. लस, नसबंदी, आणि परत सोडणं

पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून, दर दोन ते चार आठवड्यांनी, 16 आठवड्यांचं होईपर्यंत लस. एका डोसवर थांबणं ही नेहमीची चूक. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. नसबंदी जखम भरल्यावर, वजन आल्यावर. त्यानंतर 10 ते 14 दिवस टाके कोरडे आणि ते चाटता येऊ नयेत म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर. नसबंदीशिवाय सोडलेली मादी म्हणजे वर्षभरात पुन्हा पहिल्या टप्प्यावर.

बरा झालेला मोठा कुत्रा जिथून आणला तिथेच सोडा. ‘तिकडे बाग आहे, मोकळं आहे’ म्हणून नव्या भागात सोडलेल्या कुत्र्याला तिथले कुत्रे फाडतात, किंवा तो घर शोधत रस्ते ओलांडत निघतो. तीन पायांचा, आंधळा किंवा अनेक महिने घरात राहिलेला कुत्रा सोडू नका, त्याला दत्तक घर शोधा. दत्तक देताना घर बघा, घरातल्या सगळ्यांशी बोला, आणि जमलं नाही तर कुत्रा तुमच्याकडेच परत येईल हे लिहून घ्या.

सोडण्याची वेळ सकाळची निवडा, रोज खायला घालणारा माणूस हजर असेल अशी. गाडीचं दार उघडून त्याला स्वतःहून उतरू द्या. पुढचे दोन-तीन दिवस, मग आठवड्याने, मग महिन्याने जाऊन बघा: टाक्यांची जागा, चाल, वजन, जुन्या टोळीने परत घेतलंय का. महिन्यानंतरची ही भेट झाली की शेवटचा फोटो आणि शेवटची शिल्लक देणगीदारांना कळवा आणि त्या कुत्र्याचं पान बंद करा.